बाहेरगावचीच पाहिजे

नगरला लालटाकीच्या अलीकडे एका बैठ्या कौलारू घराच्या फाटकावर पत्र्याची पाटी होती : 'खोली भाड्याने मिळेल. बाहेरगावचीच पाहिजे.' मी आणि नाना, म्हणजे माझे वडील, ती पाटी वाचत उन्हात उभे होतो. एकाहत्तर सालचा उन्हाळा. मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली होती आणि पुणतांब्याहून पॅसेंजरने मला घेऊन नाना खोली शोधायला आले होते. सकाळपासून हिंडून हिंडून आमच्या पायांचे तुकडे पडले होते. कुठे एकटी मुलगी नको होती, कुठे खोलीला खिडकी नव्हती, आणि एका ठिकाणी तर घरमालकाला बघूनच नाना फाटकातून मागे फिरले होते.

"बाहेरगावचीच म्हंजी काय असंल?" नाना पुटपुटले.

"म्हणजे नगरची नको," आतून आवाज आला. "नगरच्या माणसाला नगर आधीच ठाऊक असतं. त्याच्याशी बोलायचं काय?"

आवाजापाठोपाठ बाई आल्या. ताडमाड उंच, शिडशिडीत, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मंगळसूत्राच्या जागी शिट्टी बघून नाना जरा गडबडले. मुलींच्या शाळेत जन्मभर कवायत शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या. शिट्टी मात्र निवृत्त झाली नव्हती, हे मला पुढे रोज पहाटे नळाला पाणी आलं की कळायचं.

"मुली, गावाकडून काय काय आणलंस?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगायला लागले, "स्टोव्ह, वळकटी, दोन पातेली..."

"ते नव्हे. सवयी कोणत्या आणल्यास?"

असलं कुणी विचारील अशी माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "पहाटे उठायची."

"ती चालेल. पाणी पहाटेच येतं."

नानांच्या मनात दुसरंच घोळत होतं. बाई ख्रिस्ती होत्या. भिंतीवर क्रूस दिसत होता. नाना टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, आमच्या पोरीच्या खान्यापिन्याचं कसं करायचं?"

"स्वतःचं स्वतः रांधायचं. माझ्या हातचं खायचं की नाही ते तिचं तिनं ठरवायचं. पण माझ्या हातचं वांग्याचं भरीत चुकून एकदा चाखलं तर पुढची जबाबदारी माझी नाही."

नानांनी खोली ठरवली. फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई जराशी येडी दिसती. पर येडी मानसं दगा देत न्हाईत." आणि गाडीची वेळ झाली म्हणून मागे न बघता भराभर चालू लागले. ते मागे का बघत नव्हते ते मला कळत होतं.

बाई भाडेकरूंना नावाने हाक मारत नसत. माझ्या शेजारच्या खोलीत देवळाली प्रवऱ्याची एक मास्तरीण होती. ती 'देवळाली', मी 'पुणतांबा'. "ए पुणतांबा, तुझं दूध उतू चाललंय!" "देवळाली, तुझी साडी वाऱ्यानं उडाली, पळ!" आख्खा जिल्हा अंगणातून पळतोय असं वाटायचं. माझ्या आधी एक बाई राहून गेली होती, तिचं खरं नाव बाईंना आठवत नव्हतं, पण "कर्जत फार गुणी होतं" असं त्या हळहळून सांगायच्या.

मी राहायला आले त्या पहिल्या रविवारी बाई मला टांग्यातून फिरायला घेऊन गेल्या. मी खूश. लष्कराच्या बराकी, झाडांची रांग, रुंद रस्ते दाखवत दाखवत भिंगारला नेलं. तिथे एका कोपऱ्यावर मला उतरवलं आणि म्हणाल्या, "आता घरी ये. विचारत विचारत." टांगा वळला आणि गेलासुद्धा.

मी रडकुंडीला आले. पुणतांब्यात मी डोळे मिटून कुठूनही घरी जाऊ शकले असते. इथे सगळे रस्ते सारखे दिसत होते. एका शिपायाला विचारलं, तो हिंदीत असं काही बोलला की मला फक्त 'सीधा' कळलं. सरळ गेले तर किल्ल्याच्या खंदकापाशी निघाले. तिथे एक म्हातारी शेंगा विकत होती. तिने रस्ता सांगायच्या आधी माझं गाव, जात, पगार आणि लग्नाचं बघतायत का, सगळं विचारून घेतलं, आणि वर मूठभर शेंगा पदरात टाकल्या. पुढे एका शाळकरी मुलींच्या घोळक्यानं मला माळीवाड्यापर्यंत पोचवलं, तिथून एका सायकलवाल्या गृहस्थांनी कापडबाजारातला जवळचा बोळ दाखवला. घरी पोचले तेव्हा पाय भरून आले होते आणि रागाने माझे कान तापले होते.

बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. 'रस्ता सापडला का' असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "कोण कोण भेटलं?"

मी रागारागानेच सांगायला सुरुवात केली. शेंगावाल्या म्हातारीपर्यंत आले आणि मलाच हसू फुटलं. बाई म्हणाल्या, "बघ, सकाळी नगरात तुला एक मी माहीत होते. आता किती झाले?" देवळाली तिच्या खिडकीतून ओरडली, "मला तर त्यांनी केडगावला सोडलं होतं! पावसात!"

रविवारी दुपारी, बाई चर्चमधून आल्या की अंगणातल्या लिंबाखाली आमची बैठक भरे. बाई चहा करत. पहिला कप सगळ्यांना. दुसरा कप हवा असेल तर गाव सोडल्याचा एक तोटा आणि एक फायदा सांगायचा. नुसता तोटा सांगितला तर चहा नाही, नुसता फायदा सांगितला तरी नाही. "एकच बाजू सांगणारं माणूस एकतर रडकं असतं नाहीतर खोटं," असं बाईंचं म्हणणं.

देवळाली यात पटाईत होती. तिच्या घरचा मोठा ऊस. ती म्हणायची, "तोटा असा की इथे ऊस विकत घेऊन खावा लागतो. फायदा असा की इथे मला कुणी उसाला पाणी धरायला लावत नाही."

माझा पहिला तोटा ठरलेला होता. "इथे नदी नाही."

"नाही कशी? सीना आहे की," बाई म्हणाल्या.

"ती नदी?" मी गोदावरीच्या काठची. माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंना ते फार लागलं. चहा तसाच टाकून त्यांनी मला आणि देवळालीला सीनेकाठी नेलं. वाळू, बाभळी, आणि मधे एक म्हैस बसली होती तेवढाच ओलावा. बाईंनी बराच वेळ त्या म्हशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पावसाळ्यात बघ." घरी आल्यावर मला दुसरा कप मिळाला. फायदा न सांगता मिळालेला तो एकमेव.

बाईंचा दुसरा एक सिद्धांत होता, तो भांडणाचा. "नव्या गावात पहिले तीन महिने कुणाशी भांडायचं नाही. चौथ्या महिन्यात मात्र भांडायचंच. नाहीतर गाव तुला जन्मभर पाहुणी समजेल. पाहुणीशी सगळे गोड बोलतात आणि तिला शिळी भाजी देतात." माझा चौथा महिना लागला आणि बाई मला घेऊन भाजीबाजारात गेल्या. गवारीच्या ढिगापाशी मला पुढे करून स्वतः मागे उभ्या राहिल्या. भाजीवालीने नेहमीसारखा तराजू झुकता धरला. मागून बाईंचं बोट माझ्या बरगडीत. मी डोळे मिटले आणि ओरडले, "ओ मावशी, काटा नीट धरा की! आमी काय आंधळ्या हाय का?"

मी शाळेत शिकलेली शुद्ध भाषा एक्स्चेंजमध्ये मोठ्या कष्टानं बोलत होते. रागाच्या भरात पुणतांबं बाहेर आलं. भाजीवाली तराजू खाली ठेवून बघतच राहिली. "कुटली गं तू? कोपरगावाकडची का? माझी भन दिली हाय तिकडं!" पुढे ती मला न मागता कोथिंबीर टाकायची, आणि बहिणीची खुशाली मलाच विचारायची, जशी काही मी दर आठवड्याला तिच्या घरी जाऊन येत होते.

हे सगळं बाई का करतात असं मी एकदा त्यांनाच विचारलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "मला कुठल्यातरी दुष्काळात कुणीतरी मिशनच्या बोर्डिंगच्या दारात सोडलं. कुठून आणलं ते कळायचं माझं वय नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा माझं गाव नगर. लग्नही नगरातच झालं, नवराही इथेच वारला. मला सोडायला दुसरं गावच नाही. म्हणून तुमची ऐकते." त्या हे असं म्हणाल्या जसं कुणी सांगावं की आज हवा जरा दमट आहे. आणि लगेच, "ते चिमटे दे इकडे."

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. दिवाळीच्या आधी एके दिवशी नानांची तार आली. गोठ्यात म्हशीने धडक दिली होती आणि आईचा पाय मोडला होता.

मी रजा टाकून गेले. श्रीरामपूरच्या दवाखान्यात आईच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं होतं. माझ्या दोघी थोरल्या बहिणी सासरी, त्यांच्या मागे पोरंबाळं आणि दुष्काळ. घरात नाना आणि आई दोघंच. नाना दिवसभर कालव्याच्या पाळीच्या मागे, कारण कालव्याला पाणीच कमी. पाटाच्या तोंडाशी माणसं एकमेकांचे गळे धरायच्या बेतात होती. मी चूल, म्हैस, आईचं अंथरूण, सगळं बघत होते आणि माझी रजा वितळत चालली होती. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. रजेवर रजा मागितली असती तर नारळ मिळाला असता. नाना काही म्हणत नव्हते, पण एकदा जेवताना भाकरीकडे बघत म्हणाले, "नोकरीचं काय, परत बी मिळंल." ती परत मिळत नसते हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून तर ते भाकरीकडे बघत होते.

मी ही हकीकत एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीला कळवली होती. तिने ती बाईंना सांगितली असावी. एका सकाळी चुलीचा धूर डोळ्यांतून पुसत बाहेर आले, तर स्टेशनकडून येणाऱ्या बैलगाडीतून कॅनव्हासचे बूट आधी उतरले आणि मग बाई उतरल्या.

"रजा किती उरली?"

"संपत आली."

"मग बॅग भर."

नाना पाणी घेऊन पुढे झाले. "बाई, तुमी पावन्या. पावन्याला कामाला लावू व्हय आमी?"

"पाहुणी चार दिवसांची असते, पुणतांबेकर. मी पाय जुळेपर्यंत राहायला आलेय."

आतून आई म्हणाली, "कोन आलंय गं?"

"माझ्या मालकीणबाई."

"त्या शिट्टीवाल्या?" आणि मग, बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात, "परक्या बाईच्या हातनं मी काय बी करून घेनार न्हाई. सांगून ठिवते."

बाई आत जाऊन खाटेशेजारी बसल्या. "परकीचं करायला मी पण आले नाही. ही मुलगी माझ्याकडे राहते. तिचं काम तिकडे आहे, ते तिनं तिकडे करायचं. तिचं इथलं काम मी करते. अदलाबदल आहे ही. यात उपकार कुणाचेच नाहीत."

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. पण जरा वेळाने भिंतीकडूनच आवाज आला, "देवानं पाय मोडलाय, जीभ न्हाई. कालवनाला चव असू द्या."

मी नगरला परतले. माझ्या सुटीला शनिवारच्या पॅसेंजरने पुणतांब्याला जायची, दुसऱ्या दिवशी परत. दर खेपेला काहीतरी नवीन कानावर यायचं. तीन महिने भांडायचं नाही हा बाईंचा नियम तीन दिवसही टिकला नव्हता. पिठाच्या गिरणीवाल्याने ज्वारीत बाजरीचं पीठ मिसळून दिलं म्हणून त्यांनी गिरणीच्या दारात शिट्टी वाजवली होती. वाड्यावस्तीवरची माणसं काय झालं म्हणून गोळा झाली आणि गिरणीवाला पार ओशाळून गेला. शेजारची एक वहिनी आईला येऊन म्हणाली, "ख्रिस्ती बाईला चुलीम्होरं बशिवलं व्हय तुमी?" आई पडल्या पडल्या म्हणाली, "मग तू येऊन थापतीस का भाकरी?" वहिनी काही आली नाही, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

बाईंना गाव सोपं गेलं असं मात्र नव्हे. नळ नाही, वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने आलं तर आलं, दार लोटून कुणीही केव्हाही आत येऊन बसतं. "तुमच्या गावात एकटं बसायची सोय नाही," त्या मला म्हणाल्या. रविवारी घाटाच्या पायरीवर बायबल घेऊन बसायच्या, तर तिथेही बायका धुणं घेऊन येऊन विचारायच्या, "काय वाचताय? मोठ्यानं वाचा की." मग त्या मोठ्याने वाचायच्या. आईशी त्यांचं रोज वाजायचं. मीठ, म्हशीची आंबोण, दिवा कधी लावायचा, काही चालायचं. नाना मला हळूच म्हणाले, "दोघी भांडत्यात तवा घर भरल्यावानी वाटतंय."

अशाच एका खेपेला, संध्याकाळी, आईची खाट ओट्यावर आणून ठेवली होती. बाईंनी चहा केला. आईने कप संपवला आणि पुढे केला. बाई म्हणाल्या, "दुसरा हवा असेल तर गाव सोडल्याचा एक तोटा सांगायचा, एक फायदा."

मी हसून म्हटलं, "बाई, आई कुठे गाव सोडून आलीय? आमच्या घरात गाव सोडणारी पहिली मीच."

"मी हितलीच," आईही म्हणाली.

"इथल्या कशा?" बाई म्हणाल्या. "जन्म इथे झाला का?"

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "न्हाई. पाथर्डीकडं."

तिचं माहेर पाथर्डीकडे आहे हे मला माहीत होतं. म्हणजे आपल्याला पत्ता माहीत असतो तसं माहीत होतं. आजी-आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेले, मामा ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरणारा. आम्ही तिकडे कधी गेलोच नव्हतो. आई जणू याच ओट्यावर उगवली होती.

"मग सांगा," बाई म्हणाल्या.

आई रिकामा कप हातात फिरवत राहिली. मग सावकाश बोलायला लागली. "लगीन झालं तवा मी लई ल्हान हुते. आमच्याकडं पानी म्हंजी आडाच्या तळाला. दोराला दोर जोडून शेंदायचं. हितं आले आन् गाडीतनं नदी बगितली. मला वाटलं पूर आलाय. मी गाडीतनं उतरंना. सासरची समदी हसली." ती स्वतःही थोडी हसली. "फायदा ह्योच. पानी. पानी लई हुतं. पर बोलाया मानूस नव्हतं."

नाना ओट्याच्या टोकाला दोर वळत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"करमलं का इथे?" बाईंनी विचारलं.

"हे मला आजपातूर कुनी इचारलं न्हाई," आई म्हणाली. रागाने नाही. आपल्या लक्षात आलं तसं. "आईनं बी न्हाई. ह्यांनी बी न्हाई."

"मी विचारतेय. करमलं?"

"सवय झाली."

"सवय म्हणजे करमणं नव्हे."

"तुमाला काय ठावं बाई!" आई उसळली. "सवय झाली म्हंजीच करमलं. दुसरं करमनं कसलं असतंय? वतता का च्या, का थंड करून देता?"

बाईंनी चहा ओतला. मी मात्र माझा कप तसाच खाली ठेवला. एक्स्चेंजच्या पहिल्या पगाराच्या दिवशी मी केवढ्या तोऱ्यात घरी आले होते, मी पहिली, मी एकटी! आणि ही माझ्या निम्म्या वयाची असताना, परतीचं तिकीट नसलेल्या गाडीतून इथे उतरली होती.

"तुझा पाय चालायला लागला की," बाई आईला म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्या पहिल्यांदा अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आल्या, "पहिली चक्कर पाथर्डीला."

"म्हशीचं कोन बगंल?"

दोर वळता वळता नाना म्हणाले, "मी हाय न्हवं."

प्लास्टर निघाल्यावर आईचा पाय काडीसारखा झाला होता आणि गुडघा वाकत नव्हता. बाईंनी अंगणात कवायत सुरू केली. शिट्टी वाजली की पाय वर, शिट्टी वाजली की खाली. पहिल्या दिवशी शेजाऱ्याचे बैल बुजले. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघायला जमायच्या. आई कळवळून शिव्या द्यायची, आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "पाथर्डीला जायचंय ना? वाकव." मग आई दात-ओठ खाऊन गुडघा वाकवायची. थोड्या दिवसांनी बघायला येणाऱ्या बायकाही शिट्टीवर हात वर करायला लागल्या. त्यातल्या एकीची पाठ दुखायची राहिली म्हणे.

संक्रांत झाली आणि आम्ही तिघी निघालो. पॅसेंजरने नगर, एक रात्र बाईंच्या घरी, आणि सकाळी पाथर्डीची एस.टी. आई नवं लुगडं नेसली होती आणि तिने तिळगुळाचं बोचकं मांडीवर घट्ट धरलं होतं. करंजीचा घाट ओलांडला आणि पुढे सगळं उघडं बोडकं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. बाया, म्हातारे, सगळे. गाडीतलं बोलणं हळूहळू बंद झालं.

आईच्या माहेरच्या घराला कुलूप होतं. मामा बायकापोरांना घेऊन ऊसतोडीला गेला होता. आई त्या कुलपाला हात लावून उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडणार. तेवढ्यात खडीच्या कामावरून परतणारी एक बाई वाटेत थांबली. डोक्यावर पाटी, भुवयांपर्यंत पांढरी धूळ. तिने डोळे बारीक केले.

"कोन गं? ... अगं, तू व्हय!"

पाटी खाली आदळली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि माझ्या आईच्या तोंडून भराभरा असं बोलणं सुरू झालं की मी आ वासून बघत राहिले. "मपलं घर बग गं कुलपात! कव्हा गेले समदे? आन् तुपली आई कशी हाय?" माझं-तुझंसाठी मपलं, तुपलं, हे शब्द मी तिच्याकडून जन्मात ऐकले नव्हते. आवाजही दुसरा, मोठा, खणखणीत. मी विचारलं तेव्हा हसून म्हणाली, "पुनतांब्यात हसायचे ह्याला. मग सोडलं बोलायचं."

ती तिची लहानपणची मैत्रीण. गावातल्या गावातच दिलेली. तिने आम्हाला घरी नेलं, गुळाचा कोरा चहा केला. दूध नव्हतं. चहा पिताना ती आईच्या लुगड्याला बोट लावून म्हणाली, "नशीब काढलंस बाई. पान्याच्या गावाला गेलीस. आमी हितं दगडं फोडतोय."

"नशीब तू काढलंस," आई म्हणाली. "आईच्या डोळ्यांम्होरं ऱ्हायलीस. मपली आई गेली तवा मला तिसऱ्या दिशी कळलं."

कुणाचं नशीब मोठं याचा निवाडा करायला बाई तिथेच बसल्या होत्या. जन्मभर त्यांनी प्रत्येकाच्या फायद्याला तोटा आणि तोट्याला फायदा जोडून दिला होता. आज मात्र बशीतला चहा त्यांनी हळूहळू संपवला, उठल्या आणि अंगणातला रिकामा हंडा घेऊन मैत्रिणीच्या सुनेबरोबर पाण्याच्या टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

तिळगूळ वाटून झाला. दुपार कलली तशी आई म्हणाली, "चला. म्हशीला ह्यांच्या हाताची सवय न्हाई." एस.टी.त ती बाईंच्या शेजारी बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बरं झालं आलो. आता सारकं सारकं यायला नगं."

"का गं?"

"बगितलं न्हवं तुमी. आपन जिथं सोडलेलं असतंय तिथं गाव ऱ्हात न्हाई, बाई. ते बी उठून जातंय कुटंतरी." आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपी गेली. बाई करंजीच्या घाटातल्या एकाही वळणावर हलल्या नाहीत.

त्या साली पाऊस चांगला झाला. माझी नोकरी पक्की झाली. बाईंच्या फाटकावर पुन्हा पाटी लागली, कारण देवळालीचं लग्न ठरलं होतं आणि नवरा मुंबईचा होता. बाईंनी तिला जाताना एवढंच विचारलं, "करमेल ना?" आणि उत्तर देता येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई नगरला आली. एकटी, पॅसेंजरने, आयुष्यात पहिल्यांदा. मी ड्यूटीवरून धावतपळत घरी पोचले तर लिंबाच्या फांदीला नवा दोर बांधलेला आणि आई झोक्यावर बसलेली. बाई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. "पंचमीला पुरणाचे दिंड लागतात म्हणे," त्या मला म्हणाल्या. "मला काय ठाऊक! चव घेऊन सांग."

मी आईची पिशवी शोधू लागले. ती बाईंच्या माजघरात खुंटीला टांगलेली होती. मी ती काढून माझ्या खोलीकडे निघाले, तशी आई झोक्यावरूनच ओरडली, "ठिव तिथंच!"

"अगं, पण माझी खोली आहे की इथे!"

"तुजी खोली हाय, तर ऱ्हा की तू खुशाल," आई म्हणाली आणि तिने पायाने रेटा देऊन झोका आणखी उंच नेला. "मी लेकीकडं न्हाई आले. माहेरी आलेय."

स्वयंपाकघरातला वरवंट्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.